हायब्रिड सेडान आणि जानेफळचा रस्ता

महागड्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह आपल्याकडे कशी होते, ते ठरलेलंच आहे. जानेफळला अशा गाड्यांचं शोरूम नाही, त्यामुळे अकोला, छत्रपती संभाजीनगर नाहीतर नागपूर गाठावं लागतं. तिथं सेल्समन शेजारी बसतो आणि शोरूमच्या आसपासच्या गुळगुळीत रस्त्यावरून दहा-पंधरा मिनिटांची चक्कर होते. एसी गारेगार लावलेला असतो. सीट मागे-पुढे करून दाखवली जाते, गाणी वाजवून दाखवली जातात, आणि गाडी परत जागेवर येते. एवढ्या वेळात सीट मऊ आहे की नाही ते कळतं. हायब्रिड गाडीबद्दल मात्र जवळजवळ काहीच कळत नाही.

कारण ही गाडी रस्ता बदलला की वागणं बदलते. साध्या पेट्रोल गाडीत इंजिन एकटंच काम करतं, त्यामुळे दहा मिनिटांत तिचा साधारण अंदाज येतो. हायब्रिडमध्ये इंजिन, विजेची मोटार आणि बॅटरी यांनी काम वाटून घ्यायचं असतं आणि ही वाटणी क्षणाक्षणाला बदलते. गावातल्या गर्दीत ती एक असते, घाटात दुसरी, महामार्गावर तिसरी.

जानेफळच्या माणसाला हे तिन्ही रस्ते हाताशी आहेत. मेहकर तालुक्यातलं हे गाव शेगाव-खामगावकडून मेहकर-लोणारकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. पंढरपूरहून शेगावला परतणारी गजानन महाराजांची पालखी याच वाटेने येते. दक्षिणेला मेहकर, आणि मेहकरजवळ समृद्धी महामार्ग. उत्तरेला खामगावकडे निघालं की बुलडाण्याचं पठार संपतं आणि रस्ता पूर्णेच्या खोऱ्यात उतरतो. थोडी वाकडी वाट केली तर खामगाव-बुलडाणा रस्त्यावर ज्ञानगंगा अभयारण्यातला बोथा घाट आहे, बुलडाण्याहून मलकापूरकडे जाताना राजूर घाट आहे. एखाद्या कंपनीने मुद्दाम चाचणीचा मार्ग आखायचा म्हटला तरी याहून बरा सापडणार नाही.

हायब्रिड हे आजकालचं खूळ आहे, असा समज असतो. फर्डिनांड पोर्शने १९०० च्या सुमारासच पेट्रोल इंजिनाने वीज तयार करून चाकातल्या मोटारी फिरवणारी गाडी बांधली होती. पण बॅटऱ्या जड होत्या, पेट्रोल स्वस्त होतं, त्यामुळे कल्पना मागे पडली. डिसेंबर १९९७ मध्ये टोयोटाची प्रियस जपानात विक्रीला आली आणि हायब्रिड गाड्या मोठ्या संख्येने बनू लागल्या. भारतात होंडाने २००८ मध्ये सिव्हिक हायब्रिड आणली, पण ती फार चालली नाही. मोठ्या सेडानमध्ये खरी सुरुवात २०१३ ची. त्या वर्षी टोयोटाने कॅमरी हायब्रिड बंगळुरूजवळच्या बिडदीच्या कारखान्यात जुळवायला घेतली. होंडाची अ‍ॅकॉर्ड हायब्रिड २०१६ मध्ये आली आणि काही वर्षांत गेलीही. टोयोटाचाच महागडा ब्रँड लेक्सस २०१७ मध्ये आला आणि त्याची ‘ईएस ३०० एच’ २०२० पासून बिडदीतच जुळवली जाऊ लागली. कॅमरीची सध्याची, नववी पिढी डिसेंबर २०२४ मध्ये ४८ लाख रुपये शोरूम किमतीला बाजारात आली. अडीच लिटरचं इंजिन आणि मोटार मिळून २३० अश्वशक्ती, आणि प्रमाणित ॲव्हरेज लिटरला २५.४९ किलोमीटर. हा शेवटचा आकडा वाचून कुणाचेही डोळे विस्फारतील. त्याच्याकडे पुढे येऊच.

या गाडीच्या कंपनीचं नाव टोयोटा किर्लोस्कर मोटर. त्यातला किर्लोस्कर आपल्या ओळखीचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, पुढे लोखंडी नांगर बनवले आणि १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचे पणतू विक्रम किर्लोस्कर यांनी टोयोटाला भारतात आणण्यात मोठा वाटा उचलला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये निधन होईपर्यंत ते या कंपनीचे उपाध्यक्ष होते. कंपनीत किर्लोस्करांचा भाग लहान आहे, पण नांगरापासून हायब्रिडपर्यंतचा हा एकाच घराण्याचा प्रवास आहे.

गाडीत बसण्याआधी सेल्समनला एक प्रश्न नक्की विचारावा : हिचं इंजिन पूर्ण बंद असताना गाडी चालते का? कारण ‘हायब्रिड’ या नावाखाली निदान दोन निराळ्या जाती विकल्या जातात. पुण्याजवळ चाकणला मर्सिडीजच्या सी-क्लास आणि ई-क्लास तयार होतात. त्यांत ४८ व्होल्टची ‘माइल्ड हायब्रिड’ यंत्रणा आहे. तिथली छोटी मोटार इंजिनाला सुरुवातीला जोर देते, सिग्नलवर बंद पडलेलं इंजिन धक्का न बसता सुरू करते, ब्रेकमधली थोडी ऊर्जा परत मिळवते. पण एकटीच्या बळावर ती गाडी ओढू शकत नाही. कॅमरी किंवा लेक्सस ‘स्ट्राँग हायब्रिड’ आहेत. त्यांची मोटार एकटीही गाडी ओढते. मर्सिडीज म्हणून ती गाडी उत्तम असेल, पण स्ट्राँग हायब्रिडच्या बचतीची अपेक्षा तिच्याकडून करू नये. शोरूमच्या माहितीपत्रकात हा फरक ठळक छापलेला क्वचितच दिसतो.

आता मुळाशी जाऊ. हायब्रिड पेट्रोल वाचवते कशी? विजेमुळे, असं उत्तर येतं. पण या गाडीला वीज भिंतीतून मिळतच नाही. चार्जिंगची वायर लावायची सोयच नसते. तिला लागणारी सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलमधूनच येते. मग बचत कुठली?

सपाट रस्त्यावर ताशी ८० च्या वेगाने चाललेल्या अशा सेडानला दहा-बारा अश्वशक्ती पुरते. ढोबळ हिशेब आहे, पण फार चुकीचा नाही. आणि आपण बॉनेटखाली दीडशे-दोनशे अश्वशक्तीचं इंजिन घेऊन फिरत असतो. पंगतीच्या भट्टीवर एक कप चहा उकळावा तसा हा प्रकार. पेट्रोल इंजिन क्षमतेच्या बऱ्यापैकी भाराखाली काम करतं तेव्हाच इंधनाचा चांगला उपयोग करतं. अगदी हलक्या भाराखाली ते उधळमाधळ करतं, आणि गाडी उभी असताना सुरू असेल तर सगळंच वाया. हायब्रिडचा संगणक हलकी कामं मोटारीला देतो आणि इंजिन बंद ठेवतो. इंजिन सुरू केलंच तर त्याला पुरेसा भार देतो आणि जास्तीची शक्ती बॅटरीत टाकतो. ब्रेक दाबताना एरवी उष्णता होऊन जाणारी ऊर्जा मोटार उलटी फिरून, म्हणजे जनित्र होऊन, काही प्रमाणात परत मिळवते. बचतीचं सारं गणित या दोन गोष्टींत आहे.

इंजिनसुद्धा वेगळ्या पद्धतीने चालतं. ब्रिटिश अभियंता जेम्स ॲटकिन्सनने १८८२ मध्ये मांडलेल्या चक्राची ही आधुनिक आवृत्ती. हवा आत घेणारी झडप जरा उशिरा बंद होते, त्यामुळे थोडी हवा परत बाहेर ढकलली जाते. जळलेल्या वायूला पसरायला मात्र पूर्ण जागा मिळते. इंधनातून जास्त काम निघतं, पण कमी फेऱ्यांवर ओढ कमी पडते. साध्या गाडीत असं इंजिन कुणी सहन केलं नसतं. इथं ती उणीव मोटार भरून काढते, कारण विजेच्या मोटारीला शून्य वेगापासूनच पूर्ण ओढ असते.

टोयोटाच्या पद्धतीत इंजिन आणि दोन मोटारी एका ग्रहमालेसारख्या दातेरी चाकांच्या संचाने जोडलेल्या असतात. मधल्या सूर्यचाकाला एक मोटार, त्याभोवती फिरणाऱ्या ग्रहचाकांच्या चौकटीला इंजिन, बाहेरच्या कड्याला दुसरी मोटार आणि तिथूनच गाडीची चाकं. पहिल्या मोटारीचा वेग कमी-जास्त केला की इंजिन आणि चाकं यांच्या वेगाचं प्रमाण बदलतं. म्हणून या गाडीत क्लच नाही, एकामागून एक पडणारे गिअर नाहीत, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. झिजणारे भाग त्या मानाने कमी. या यंत्रणेची रचना आतून पाहिली तर ती आश्चर्य वाटावं इतकी साधी आहे, अवघड आहे तो तिला चालवणारा संगणक.

आता रस्त्यावर येऊ. पहिला, गावातला.

स्टार्टचं बटण दाबल्यावर फक्त ‘रेडी’ असा दिवा लागतो. इंजिनाचा आवाज येत नाही आणि नवखा माणूस बटण पुन्हा दाबून गाडी बंद करतो. ॲक्सिलरेटरवर पाय हलका ठेवला तर गाडी मोटारीवरच पुढे सरकते. आठवडी बाजाराच्या दिवशी, हातगाड्या, ऑटो आणि रस्त्यात उभ्या म्हशी यांच्यातून वाट काढताना हायब्रिड आपल्या खऱ्या मैदानात असते. थांबा, सरका, थांबा, सरका, आणि इंजिन बराच वेळ बंद. पालखीमागे चालत्या माणसाच्या वेगाने जायची वेळ आली तर साधी गाडी पेट्रोल जाळत राहील, ही बहुतेक वेळ गप्प राहील. चालणाऱ्यांना चाहूल लागावी म्हणून या गाड्या कमी वेगात बारीकसा कृत्रिम आवाज काढतात, पण डीजेच्या दणदणाटात तो कुणाला ऐकू येणार? मागून गाडी आली हे म्हाताऱ्या माणसाला कळलेलं नाही असंच धरून चालवावी.

याच रस्त्यावर ब्रेक तपासायचा. हायब्रिडचा ब्रेक दाबला की आधी मोटार गाडीचा वेग ओढून घेते, आणि गाडी थांबायला आली की खरे ब्रेक पकडतात. या दोघांचा सांधा गुळगुळीत हवा. स्पीड ब्रेकरच्या अलीकडे हळूहळू थांबून पाहा. शेवटच्या दोन-चार मीटरला पायाखाली पेडलचं वागणं बदलतं का, गाडी मान हलेल असा हिसका देते का? नव्या गाड्यांत हा सांधा बराच सुधारला आहे. जुनी, वापरलेली हायब्रिड घेत असाल तर ही तपासणी चुकवू नका.

ब्रेकरचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक मध्यभागी १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. आपल्या गावोगावी कुणीतरी रातोरात टाकलेले सिमेंटचे उंचवटे या मापात बसत नाहीत, हे सांगायला मोजपट्टी लागत नाही. कॅमरीच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २.८ मीटरहून जास्त आहे आणि पोट जमिनीपासून दीडशे मिलिमीटरच्या आसपास. गाडीत एकटा माणूस असताना ती ब्रेकरवरून सहज जाते आणि पाच माणसं व डिकीत सामान भरलं की त्याच ब्रेकरवर खाली घासते. टेस्ट ड्राइव्हला घरची चार माणसं सोबत न्यावीत ती कौतुकासाठी नव्हे, वजनासाठी. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला मागच्या सीटवर बसवावं. बसता-उठताना गुडघ्यांना काय होतं ते सेल्समनपेक्षा आजी नीट सांगेल.

दुसरा रस्ता घाटाचा. मला विचाराल तर हायब्रिडची खरी परीक्षा इथंच आहे.

गाडी आणि माणसं मिळून दोन टन वजन धरा आणि २०० मीटर उंची उतरायची आहे असं समजा. भौतिकशास्त्राच्या हिशेबाने या उताराने मोकळी होणारी ऊर्जा एक युनिटच्या जरा वर भरते. युनिट म्हणजे महावितरणच्या बिलावर छापलेलं असतं तेच. त्यातला काही भाग टायरचं घर्षण आणि हवा घेणार. उतार तीव्र असेल तर अर्ध्या युनिटच्या आसपास बॅटरीकडे जाऊ शकतं. आता गंमत अशी, की या गाडीची आख्खी बॅटरीच सुमारे एक युनिटची असते, आणि आयुष्य टिकावं म्हणून संगणक ती पूर्ण रिकामी करत नाही आणि पूर्ण भरतही नाही. म्हणजे घाटाच्या माथ्यावर तिच्यात जागा असते ती थोडीच. घाट मोठा असेल तर पायथ्याला पोहोचण्याआधी बॅटरी भरलेली असते.

मग काय होतं? उतारावर, पाय ॲक्सिलरेटरवर नसताना, इंजिन अचानक गरजू लागतं. नव्या मालकाला वाटतं गाडी बिघडली. खरं तर संगणक पेट्रोल न देता इंजिन नुसतं फिरवत असतो. उरलेली ऊर्जा कुठेतरी घालवायची आहे आणि खरे ब्रेक तापवायचे नाहीत, म्हणून. काही हायब्रिड गाड्यांत यासाठी गिअरच्या दांड्याला ‘बी’ अशी खूण असते. उतारावर ती लावायची, सपाटीला आल्यावर काढायची. विद्युत ब्रेकच्या भरवशावर घाटभर पाय दाबून ठेवणं बरं नाही, कारण बॅटरी भरली की सगळा भार साध्या ब्रेकवरच येतो.

चढावर उलटं. वर जाताना बॅटरीतली शिदोरी लवकर संपते आणि मग ओढायचं काम मुख्यतः इंजिनावर पडतं. गिअर नसल्याने इंजिन एका उंच सुरावर स्थिर राहतं, गाडीचा वेग मात्र सावकाश वाढत जातो. कान आणि पाठ यांना मिळणारे निरोप जुळत नाहीत. काहींना हा एकसुरी आवाज असह्य होतो. नव्या पिढीत तो बराच दबला आहे, पण नाहीसा झालेला नाही. राजूर घाट पाच माणसांनिशी चढून पाहिल्याशिवाय या गाडीचं पिकअप कसं आहे यावर कुणी मत देऊ नये. गाडी हातात घेऊन तिथवर जाऊ देत नसतील तर त्यांना निदान एखादा मोठा उड्डाणपूल भरल्या गाडीने चढू द्यायला सांगा.

तिसरा रस्ता समृद्धी. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. मोटारींना सपाटीवर ताशी १२० ची मर्यादा. मेहकरला चढलं की नागपूर असो वा मुंबईची वेस, मध्ये सिग्नल नाही, ब्रेकर नाही, बाजार नाही. नेमकं हेच हायब्रिडच्या मुळावर येतं. थांबणंच नाही तर इंजिन बंद ठेवायची संधी कमी. ब्रेक लागत नाही तर परत मिळवायला ऊर्जा नाही. इंजिनाला १२० वर आधीच भरपूर भार आहे, त्यामुळे त्याचा भार नीट करून देण्याची कलाही फारशी कामाला येत नाही.

आणि वारा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ८० वरून १२० वर गेलं की वेग दीडपट होतो, पण हवेचा विरोध सव्वादोनपट. त्या विरोधाशी झुंजायला लागणारी शक्ती तर तिप्पटीहून जास्त. मघाशी जी गाडी दहा-बारा अश्वशक्तीवर चालत होती तिला आता पंचवीसच्या आसपास लागते. इथं मोटार आणि बॅटरीची हुशारी फार काही करू शकत नाही. मदत होते ती ॲटकिन्सन पद्धतीच्या इंजिनाची आणि गाडीच्या सखल, निमुळत्या आकाराची. म्हणजे समृद्धीवर हायब्रिड वाईट ठरते असं नाही. ती एक चांगली पेट्रोल गाडी ठरते, इतकंच.

समृद्धीचा रस्ता काँक्रीटचा आहे. इंजिन शांत असलेल्या गाडीत टायरचा आवाज उलट जास्त जाणवतो, तो तपासायची हीच जागा. पुढच्या गाडीपासून अंतर राखणारी आणि पट्ट्यांत ठेवणारी यंत्रणाही इथंच आजमावता येते, कारण पट्टे स्पष्ट आहेत. मेहकर सोडून जानेफळच्या वाटेला लागलात की तिच्यावर विसंबू नका. मागे लाल दिवा नसलेली ट्रॉली किंवा काळोखातली बैलगाडी ती वेळेत ओळखेलच, अशी हमी कुठलीही कंपनी देत नाही.

आता त्या २५.४९ कडे. गाड्यांचं अधिकृत ॲव्हरेज रस्त्यावर मोजत नाहीत. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या तक्त्याप्रमाणे चालवतात. एआरएआय ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था आणि गाडीच्या जाहिरातीत तिचं नाव वाचायची आपल्याला सवय आहे. तो तक्ता सुमारे २० मिनिटांचा. त्यात थांबणं आणि पुन्हा निघणं वारंवार येतं, सर्वाधिक वेग ताशी ९० आणि एसी बंद. हायब्रिडला याहून सोयीची परीक्षा ती कोणती! आकडा खोटा नाही. सगळ्या कंपन्या तीच परीक्षा देतात. पण मे महिन्यात एसी लावून १२० ने नागपूरला जाणाऱ्या माणसाचा प्रवास त्या तक्त्यात कुठेच नाही. त्यातच आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा आधीच गेलेली. ते इथेनॉल काही प्रमाणात मक्यापासून होतं आणि बुलडाणा जिल्ह्यात मका पिकतो, म्हणून या तोट्याबद्दल आपण जरा सबुरीने बोलावं, हेही खरं.

पैशाचं बोलू. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरा, वर्षाला १५,००० किलोमीटर. तेवढ्याच आकाराची साधी पेट्रोल गाडी १२ चं ॲव्हरेज देते आणि हायब्रिड १८ चं, असं समजा. वर्षाला सुमारे ४१७ लिटर वाचले, म्हणजे ४४ हजार रुपयांच्या आत-बाहेर. ४८ लाखांच्या गाडीवर महाराष्ट्रात नुसता रस्ता कर १३ टक्के, म्हणजे सव्वासहा लाख. हा एक कर पेट्रोलच्या बचतीतून फेडायला चौदा वर्षं लागतील. तेव्हा ‘पेट्रोल वाचतं म्हणून घेतली’ असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्यावं. ही गाडी घ्यायची कारणं वेगळी आहेत : शांतपणा, एकदा टाकी फुल केली की पंप विसरायला लावणारा पल्ला, आणि चार्जिंग कुठे मिळेल याची चिंता नसणं. ज्याला ती कारणं पटतात त्याने खुशाल घ्यावी.

सरकारचं धोरणही या गाडीला फार हात देत नाही. सप्टेंबर २०२५ च्या बदलानंतर पूर्ण विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के, मोठ्या हायब्रिडवर ४०. हिरवी नंबर प्लेट विजेच्या गाडीला, राज्याच्या २०२५ च्या धोरणातली समृद्धीवरची टोलमाफी विजेच्या गाडीला. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला, महाराष्ट्राने तसं केलेलं नाही. मात्र त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ जुलैला, टोयोटा किर्लोस्करने महाराष्ट्र सरकारशी छत्रपती संभाजीनगरला नवा कारखाना उभारण्याचा करार केला. जागा बिडकीनची, गुंतवणूक सुमारे २०,००० कोटींची सांगितली गेली, आणि तिथं हायब्रिड व विजेच्या गाड्या बनवायचं ठरलं. मेहकरहून समृद्धीने गेलं तर बिडकीन फार लांब नाही. उद्या आपल्या तालुक्यातली आयटीआय झालेली मुलं तिथं कामाला लागली तर घराघरांत या यंत्रणेची माहिती असेल.

काही गोष्टी शोरूममध्ये सांगत नाहीत, त्या विचारून घ्याव्यात. या गाडीचा एसी विजेवर चालतो, इंजिन बंद असतानाही. मे महिन्याच्या दुपारी गाडी उन्हात उभी करून एसी लावा आणि पंधरा मिनिटांत इंजिन किती वेळा सुरू होतं ते पाहा. शोरूमच्या थंड हवेत केलेली चाचणी विदर्भात निरुपयोगी आहे. मोठी बॅटरी थंड ठेवायला पंखा केबिनमधली हवा ओढतो. बऱ्याच गाड्यांत त्याची जाळी मागच्या सीटजवळ असते. तिच्यावर पिशवी, चादर पडू देऊ नये, आणि सोयाबीनच्या हंगामातली धूळ लक्षात घेऊन ती जाळी सर्व्हिसिंगमध्ये साफ करून घ्यावी. बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी टोयोटा देते. जुनी गाडी घेताना त्यातली किती वर्षं उरली आहेत ते कागदावर पाहावं.

आणि सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे लहान, १२ व्होल्टची बॅटरी. मोठी बॅटरी भरलेली असली तरी ही छोटी उतरली तर संगणक जागा होत नाही आणि ४८ लाखांची गाडी अंगणात ठप्प. मुलगा पुण्याला, गाडी जानेफळच्या वाड्यात महिनोन्महिने झाकून ठेवलेली, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. अशा घरी हायब्रिड घेतली तर आठवड्यातून एकदा ती ‘रेडी’ करून फिरवणारं माणूस घरात हवं.

टेस्ट ड्राइव्ह मागताना संकोच करू नका. एवढ्या किमतीच्या गाडीला अर्ध्या दिवसाची चाचणी मागणं अजिबात जास्त नाही, आणि विकायची असेल तर शोरूम ती देतं. पडद्यावर दिसणाऱ्या ॲव्हरेजवर न थांबता टाकी काठोकाठ भरून निघा आणि परत आल्यावर त्याच पंपावर पुन्हा भरा. किती लिटर बसलं, किती किलोमीटर झाले, भागाकार सातवीतला मुलगाही करेल.

माझं मत विचाराल तर : ज्याचं रोजचं धावणं खामगाव, मेहकर, बुलडाणा असं गावांतून, बाजारांतून, घाटांतून आहे, त्याला स्ट्राँग हायब्रिड शोभेल. ज्याचं बहुतेक धावणं समृद्धीवर १२० ने आहे, त्याने आरामासाठी ती जरूर घ्यावी, पण ॲव्हरेजसाठी घेऊ नये. तो १०० ने गेला तर मात्र कुठल्याही गाडीत पेट्रोल वाचेल.